रक्त काय सांगते आणि किती

१८४२-४३च्या हिवाळ्यात जर्मनीतल्या वुर्झबर्ग शहरात बाळंतज्वराने अनेक तरुण स्त्रिया दगावल्या. तिथल्या योहान योसेफ शेरर या वैद्य-रसायनशास्त्रज्ञाने त्यांच्या मृत्यूनंतर रक्त तपासले आणि त्यात लॅक्टिक आम्ल सापडल्याची नोंद १८४३ साली प्रसिद्ध केली. आंबलेल्या दुधातून हे आम्ल शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १७८० सालीच वेगळे काढले होते. पण रोगाने ग्रासलेल्या माणसाच्या रक्तात ते दाखवून देणारा शेरर पहिला. त्याला उत्तर मिळाले तेव्हा रुग्ण हाताबाहेर गेलेला होता. आज पावणेदोनशेहून अधिक वर्षांनंतर तेच द्रव्य लॅक्टेट या नावाने अतिदक्षता विभागात पहिल्या तासाभरात मोजले जाते, आणि प्रश्न विचारला जातो तो जिवंत माणसासाठी : या रुग्णाचे पुढे काय होणार? हे पुस्तक त्या प्रश्नाविषयी आहे. रक्तातल्या खुणांवरून सेप्सिसच्या रुग्णाचे भवितव्य कितपत ओळखता येते, त्या ओळखण्याचा उपयोग काय आणि त्याच्या मर्यादा कुठे, हे मराठीत सविस्तर मांडण्याची गरज फार दिवसांची होती.

आधी सेप्सिस म्हणजे काय ते पाहू. जंतुसंसर्ग प्रत्येकाला कधी ना कधी होतो आणि बहुतेक वेळा शरीर तो निस्तरते. काही वेळा मात्र संसर्गाशी लढताना शरीराचा स्वतःचाच प्रतिसाद बिघडतो. मग संसर्ग फुप्फुसात असला तरी मूत्रपिंड थकते, मूत्रमार्गात असला तरी रक्तदाब कोसळतो, रक्त गोठण्याची व्यवस्था ढासळते, माणूस बरळू लागतो. संसर्गाला दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे अवयव निकामी होऊन जीव धोक्यात येणे, अशी सेप्सिसची व्याख्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने २०१६ साली पक्की केली. नातेवाइकांना आम्ही डॉक्टर मंडळी “इन्फेक्शन रक्तात पसरलंय” असे सांगतो. ते समजायला सोपे आहे, पण अर्धेच खरे. सेप्सिसच्या अनेक रुग्णांच्या ब्लड कल्चरमध्ये एकही जंतू उगवत नाही आणि तरीही त्यांचे अवयव एकामागून एक बंद पडत जातात.

या आजाराचा आवाका प्रचंड आहे. २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या अंदाजानुसार २०१७ या एका वर्षात जगात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख मृत्यूंशी त्याचा संबंध होता. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळजवळ एक. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाचे डॉ. जिगीषू दिवाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११मध्ये देशभरातल्या १२० अतिदक्षता विभागांतल्या ४,०३८ रुग्णांची पाहणी केली. त्यातल्या २८ टक्क्यांहून अधिक रुग्णांना तीव्र सेप्सिस किंवा सेप्टिक शॉक होता. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र न्यूमोनिया, मूत्रपिंड निकामी होणे, मधुमेह असे काहीही लिहिले जाते, आणि सेप्सिस हा शब्द राहून जातो.

भवितव्य आधी कळून करायचे काय, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर रोजच्या कामातच आहे. तालुक्याच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता आलेला तापाचा रुग्ण वॉर्डात ठेवायचा की रुग्णवाहिकेने जिल्ह्याला पाठवायचा? आयसीयूत एकच बेड रिकामा आहे आणि दारात दोन रुग्ण आहेत, तर तो कोणाला द्यायचा? तिसऱ्या दिवशी अँटिबायोटिक बदलायचे, तेच चालू ठेवायचे की बंद करायचे? पोटात पू साठला असावा अशी शंका आहे, तर शस्त्रक्रिया आजच करायची की सकाळपर्यंत थांबायचे? यातला प्रत्येक निर्णय म्हणजे एक भाकीत असते. डॉक्टर ते करतोच, नाडीवर, अनुभवावर, चेहऱ्यावर. रक्तातल्या खुणांनी, ज्यांना या पुस्तकात जैवसूचक म्हटले आहे, या भाकिताला आधार द्यावा अशी अपेक्षा आहे.

या जैवसूचकांत सगळ्यांत जुना आणि आजही सगळ्यांत उपयोगी तो लॅक्टेट. पेशींना प्राणवायू कमी पडला की लॅक्टेट वाढते हे आम्ही विद्यार्थिदशेत शिकलो. सेप्सिसमध्ये गोष्ट एवढी सरळ नसते. शरीरात अॅड्रेनलिनचा पूर आलेला असतो आणि त्याच्या जोरावर स्नायूंतल्या पेशी प्राणवायू असूनही लॅक्टेट बनवतात. दुसऱ्या बाजूला ते साफ करणारे यकृत मंदावलेले असते. धरणातली पाण्याची पातळी पाहून वरून पाणी जास्त येते आहे की खालचे दरवाजे अडकले आहेत हे कळत नाही, तसेच लॅक्टेटच्या एका आकड्याचे आहे. पातळी दर काही तासांनी कुठे सरकते आहे हे पाहिले तरच अंदाज येतो. डेट्रॉइटमधल्या डॉ. न्गुयेन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली हेच दाखवले : पहिल्या सहा तासांत ज्यांचे लॅक्टेट चांगले उतरले, त्यांची जगण्याची शक्यता जास्त होती. दाखल होताना लॅक्टेट ६ असलेला आणि सहा तासांनी ३वर आलेला रुग्ण, आणि ३ने सुरुवात करून ४वर गेलेला रुग्ण, या दोघांत राउंडच्या वेळी मी आधी दुसऱ्याच्या बेडकडे जाईन.

हा आकडा हातात येण्याआधी काय काय घडते तेही वाचकाने जवळून पाहावे, कारण चुकीच्या सॅम्पलवर उभे राहिलेले भाकीत चुकीचेच असते. सिस्टर दंडाला पट्टा बांधते, रुग्ण घाबरून मूठ आवळून धरतो, शीर सापडत नाही, दोन मिनिटे पट्टा तसाच राहतो. एवढ्यानेही लॅक्टेट थोडे वाढू शकते. रक्त करड्या झाकणाच्या फ्लोराइड बल्बमध्ये न घेता साध्या बल्बमध्ये घेतले, आणि तो बल्ब मे महिन्याच्या उकाड्यात तासभर टेबलावर पडून राहिला, तर बल्बमधल्या लाल पेशी साखर खाऊन लॅक्टेट बनवत राहतात. प्रयोगशाळेतून येणारा आकडा मग रुग्णाचा राहत नाही, टेबलावर गेलेल्या वेळेचा होतो. म्हणून सॅम्पल बर्फात ठेवून लगेच पाठवायचे किंवा शेजारच्या एबीजी (रक्तातले वायू मोजणाऱ्या) मशीनवर मिनिटांत तपासायचे. फिट येऊन गेलेला रुग्ण, अॅड्रेनलिनचे ड्रिप चालू असलेला रुग्ण, मूत्रपिंड थकलेले असताना मेटफॉर्मिन घेत राहिलेला मधुमेही, यांचे लॅक्टेट सेप्सिसवाचूनही चढते. पाठ्यपुस्तकांत ज्या तपशिलांना एक ओळ मिळते, त्यांना या पुस्तकात पाने दिली आहेत. ते योग्यच आहे.

दुसरा ओळखीचा सूचक सीआरपी. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस न्यूमोनियाच्या रुग्णांचे रक्तद्रव तपासत होते. न्यूमोकोकस जंतूच्या एका घटकाशी, त्यांनी ‘सी’ म्हटलेल्या शर्करेशी, जोडला जाणारा पदार्थ आजारी माणसाच्या रक्तात त्यांना आढळला आणि रुग्ण बरा झाला की तो नाहीसा होताना दिसला. म्हणजे खूण चढण्याइतकाच तिचा उतारही बोलका असतो, हे पहिल्याच शोधात होते. सीआरपी यकृतात बनतो, चढायला वेळ घेतो आणि दुसऱ्या दिवसाच्या आसपास शिखर गाठतो. त्यामुळे पहिल्या काही तासांत तो कमी असला तर निर्धास्त होऊ नये. शस्त्रक्रिया, अपघात, संधिवात, जळणे अशा कुठल्याही दाहात तो वाढतो, म्हणून एकदाच केलेल्या तपासणीवरून मृत्यूचा अंदाज बांधायला तो कच्चा ठरतो.

तिसरा प्रोकॅल्सिटोनिन, रुग्णालयाच्या बोलीत पीसीटी. निरोगी माणसात हे प्रथिन मुख्यतः थायरॉइड ग्रंथीतल्या पेशी बनवतात आणि त्याचे लगोलग कॅल्सिटोनिन या संप्रेरकात रूपांतर होते. रक्तात ते नावालाच असते. जिवाणूंचा गंभीर संसर्ग झाला की शरीरभरच्या पेशी ते बनवू लागतात आणि पातळी शेकडो पटींनी चढू शकते. पातळी अशी चढते हे फ्रान्समधल्या असिको आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली पहिल्यांदा मांडले. पीसीटी काही तासांतच वाढते आणि संसर्ग आटोक्यात आला की साधारण दर दिवसाला निम्मे होते. या उताराचा भाकितासाठी कसा उपयोग होतो हे अमेरिकेतल्या १३ रुग्णालयांत झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसले : चौथ्या दिवसापर्यंत ज्यांचे पीसीटी ८० टक्क्यांहून अधिक उतरले नाही, त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू सुमारे २० टक्के होते, ज्यांचे उतरले त्यांच्यात सुमारे १० टक्के.

पण मृत्यूची शक्यता दुप्पट आहे एवढे कळून रुग्णाचे काही भले होत नाही. ते कळल्यावर आपण वेगळे काय करतो आणि त्याने फरक पडतो का, हे पाहावे लागते. पीसीटीच्या बाबतीत याची दोन उत्तरे मिळाली आणि दोन्ही लक्षात ठेवण्याजोगी आहेत. डेन्मार्कमधल्या नऊ अतिदक्षता विभागांत १,२०० रुग्णांवर झालेल्या, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पीसीटी चढले की अँटिबायोटिक वाढवायचे आणि तपासण्या वाढवायच्या असा नियम होता. मृत्यू कमी झाले नाहीत. उलट व्हेंटिलेटरवरचे आणि आयसीयूतले दिवस वाढले. नेदरलँड्समधल्या १५ रुग्णालयांत, दीड हजारांहून अधिक रुग्णांवर झालेल्या २०१६च्या चाचणीत नियम उलटा होता : पीसीटी पुरेसे उतरले की अँटिबायोटिक थांबवण्याचा सल्ला द्यायचा. औषधाचे दिवस सातवरून पाचवर आले, आणि २८ दिवसांतले मृत्यू वाढले तर नाहीतच, २५ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. ब्रिटनमधल्या ४१ अतिदक्षता विभागांतल्या २,७६० रुग्णांच्या अलीकडच्या चाचणीतही रोजच्या पीसीटीमुळे अँटिबायोटिकचा काळ जेमतेम दिवसभराने पण सुरक्षितपणे कमी झाला. सीआरपीने तो झाला नाही. त्याआधीच सेप्सिसच्या २०२१च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी अँटिबायोटिक सुरू करायचे की नाही हे ठरवण्यासाठी पीसीटीवर विसंबू नका असे म्हटले, आणि थांबवण्याच्या निर्णयात मात्र रुग्णाच्या प्रत्यक्ष तपासणीच्या जोडीने त्याची मदत घ्या असे सुचवले. तपासणी तीच, एका निर्णयाला कामाची, दुसऱ्याला निकामी. या पुस्तकातून वाचकाने एकच गोष्ट उचलायची असेल तर ती ही : सूचकाची किंमत त्याच्या आकड्यात नसते, त्याने सुधारलेल्या निर्णयात असते.

ही कसोटी लावली तर सेप्सिसच्या संशोधनातला एक मोठा विरोधाभास उलगडतो. पियेराकोस आणि व्हिन्सेंट यांनी २०१० साली आढावा घेतला तेव्हा अभ्यासले गेलेले १७८ सूचक निघाले. दहा वर्षांनी पुन्हा मोजले तेव्हा ते २५८ झाले होते. इंटरल्यूकिन-६, प्रेसेप्सिन, अॅड्रेनोमेड्युलिनचे तुकडे, पेशींच्या पृष्ठभागावरून सुटून रक्तात येणारे ग्राहक, जनुकांच्या संदेशांचे नमुने अशी ही यादी आहे. इतक्या सूचकांतून रोजच्या वापरात रुजले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. असे का, ते समजायला थोडे गणित करू.

समजा एखादा सूचक दगावणाऱ्या १०० रुग्णांपैकी ८० अचूक ओळखतो आणि जगणाऱ्या १०० पैकी ८० जणांना अचूक ‘सुरक्षित’ म्हणतो. हे कागदावर उत्तम दिसते. आता तो वॉर्डातल्या अशा १०० रुग्णांवर वापरा ज्यांच्यातले १० दगावणार आहेत. त्या दहापैकी ८ जणांवर तो धोक्याची खूण करील. उरलेल्या ९० पैकी १८ जणांवरही करील. एकूण २६ जणांवर खूण, त्यातले दगावणार ८, म्हणजे एक तृतीयांशाहूनही कमी. तोच सूचक आता अतिदक्षता विभागातल्या अशा १०० रुग्णांवर वापरा ज्यांच्यातले ४० दगावणार आहेत. खूण ४४ जणांवर होईल आणि त्यातले ३२ दगावतील, जवळजवळ तीन चतुर्थांश. रसायन तेच, मशीन तेच, बल्बही तोच. पण जागा बदलली की अहवालाचा अर्थ बदलला. आणि दुसऱ्या ठिकाणी ज्या ५६ जणांना त्याने ‘सुरक्षित’ म्हटले त्यांच्यातलेही ८ दगावतील. परदेशातल्या मोठ्या विद्यापीठ रुग्णालयात ठरलेला ‘कट-ऑफ’ आपल्या नर्सिंग होममध्ये जसाच्या तसा आणून लावू नये, तो या कारणासाठी.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. भाकिताची सगळ्यांत चांगली साधने आपल्याकडे आधीपासून आहेत. अवयव किती बिघडले हे मोजणारी सोफा नावाची गुणपद्धती १९९६पासून वापरात आहे. तिच्यात सहा व्यवस्थांना गुण दिले जातात : श्वसन, रक्त गोठणे, यकृत, रक्ताभिसरण, मेंदू आणि मूत्रपिंड. यातल्या चारांसाठी रक्तच लागते : धमनीतल्या रक्तातला प्राणवायू, प्लेटलेट, बिलिरुबिन आणि क्रिएटिनिन. २०१६च्या व्याख्येनुसार संसर्गामुळे हे गुण दोनने किंवा अधिक वाढले तर रुग्णालयात मृत्यूची शक्यता १० टक्क्यांच्या वर जाते. पुरेसे सलाईन दिल्यावरही रक्तदाब टिकवायला औषध लागले आणि लॅक्टेट २च्या वर राहिले, म्हणजे सेप्टिक शॉक झाला, तर ४० टक्क्यांच्या वर. प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन या तपासण्या कुठल्याही तालुक्याच्या लॅबमध्ये होतात. कालचे क्रिएटिनिन ०.९ होते आणि आजचे १.८ आहे, ही ओळ एखाद्या महागड्या सूचकापेक्षा अधिक सांगून जाते. फक्त दोन्ही दिवसांचे अहवाल शेजारी ठेवून कोणीतरी पाहायला हवेत. नवा सूचक घ्यायचा तर त्याने या जुन्या, स्वस्त माहितीत नेमकी कोणती भर घातली हे आधी विचारावे. अनेक अभ्यास हा प्रश्न टाळतात. हे पुस्तक टाळत नाही.

नव्या सूचकांचे मोल मात्र मी कमी लेखत नाही. त्यांनी एक मोठी समजूत मोडली. शरीराचा दाह अतोनात भडकतो आणि त्यात रुग्ण जातो, तेव्हा दाह विझवणारे एखादे औषध सर्वांना दिले की झाले, असे अनेक वर्षे वाटत होते. असली औषधे एकामागून एक फसली. अॅक्टिव्हेटेड प्रोटीन सी हे औषध २००१ साली अमेरिकेत मान्य झाले आणि पुढच्या चाचणीत फायदा न दिसल्याने २०११ साली जगभरातून मागे घेतले गेले. आता कळते आहे की एकाच निदानाखाली निरनिराळे रुग्ण आहेत. कोणाचा प्रतिसाद पेटलेला असतो, तर कोणाची प्रतिकारशक्ती गळाठलेली असते. मोनोसाइट पेशींवरचा एचएलए-डीआर हा रेणू दिवसेंदिवस खालीच राहिला तर तो रुग्ण नव्या संसर्गाला सहज बळी पडतो, हे बर्लिन आणि लिऑनच्या संशोधकांनी दाखवले. पिट्सबर्गच्या गटाने २०१९ साली नेहमीच्या तपासण्या आणि खुणा वापरून प्रौढ रुग्णांचे चार गट वेगळे केले. सर्वांत सौम्य गटात २८ दिवसांतले मृत्यू ५ टक्के होते, तर सर्वांत गंभीर गटात ४०. सिनसिनाटीत डॉ. हेक्टर वाँग यांनी मुलांसाठी पाच प्रथिनांवर आधारलेली भाकीत-पद्धत उभी केली. कोणत्या मुलाला धोका कमी आहे हे सांगण्यात तिची खरी ताकद आहे. औषध कोणाला लागू पडेल याचा अंदाज रक्तावरून घेणे ही या क्षेत्राची पुढची पायरी आहे.

तिची एक झलक मराठी वाचकाने कोविडमध्ये स्वतः अनुभवली आहे. २०२०-२१मध्ये सीआरपी, डी-डायमर, फेरिटिन, आयएल-६ हे शब्द घराघरांत पोचले. व्हॉट्सअॅपवर अहवालांचे फोटो फिरत होते आणि टोसिलिझुमॅब या औषधाच्या एका कुपीसाठी लोक शहरभर धावत होते. त्याच काळात ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने शांतपणे एक निकष ठरवला : प्राणवायू कमी आणि सीआरपी किमान ७५, अशाच रुग्णांना या औषधासाठी निवडायचे. त्यांच्यात २८ दिवसांतले मृत्यू ३५ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर आले. चार टक्क्यांचा फरक थोडा वाटेल, पण शंभरात चार माणसे वाचली. आपल्याकडे त्या दिवसांत रोज पाच-पाच सूचक तपासले गेले, कर्ज काढून पैसे भरले गेले, आणि त्यातल्या बहुतेक अहवालांवरून उपचारात काहीच बदल झाला नाही. हा काळ पुन्हा आला तर आपण शहाणपणाने वागावे, यासाठीही असे पुस्तक हवे.

आपल्या मातीतले प्रश्नही वेगळे आहेत. कोकणात भातलावणीच्या दिवसांत लेप्टोस्पायरोसिस येतो. २००५च्या जुलैमधल्या महापुरानंतर मुंबईनेही त्याचा तडाखा पाहिला. विदर्भात स्क्रब टायफस आहे, मलेरिया आणि डेंगी तर सगळीकडे. या आजारांतही तेच अवयव बिघडू शकतात, पण सूचकांची वागणूक बदलते. मलेरियात पीसीटी चढलेले दिसते, म्हणून ‘पीसीटी जास्त, म्हणजे जिवाणूच’ हा पाश्चात्त्य आडाखा इथे चुकू शकतो. डेंगीत प्लेटलेट घसरतात म्हणून सोफाचे गुण वाढतात, पण त्यावरून मृत्यूचा अंदाज जिवाणूच्या सेप्सिससारखा बांधता येत नाही. आपले रुग्ण उशिरा पोचतात, वाटेत दोन ठिकाणी अँटिबायोटिकचे इंजेक्शन घेऊन येतात. या रुग्णांसाठी कोणता आकडा धोक्याचा, हे इथल्याच रुग्णांवर पारखून ठरवावे लागेल.

आणि जिथे लॅबच नाही तिथे? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रियांच्या हाती हे काम दिले. बाळ दूध ओढेनासे झाले का, रडणे क्षीण झाले का, हातपाय लुळे पडले का, अंग गार किंवा तापलेले आहे का, अशा खुणांवरून नवजात बाळाचा सेप्सिस ओळखायचा आणि घरीच जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने औषध द्यायचे. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडले : सेप्सिस झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते. रक्ताचा एक थेंबही न काढता. दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांत झालेल्या, २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही असेच काही दिसले. सेप्टिक शॉकच्या ४२४ रुग्णांत निम्म्यांचे उपचार लॅक्टेटवर नजर ठेवून केले. उरलेल्यांचे, बोटाचे टोक दाबून सोडल्यावर लाली किती सेकंदांत परतते हे पाहून. बोटाकडे पाहणाऱ्या गटात मृत्यू ३४.९ टक्के होते, लॅक्टेटकडे पाहणाऱ्या गटात ४३.४ टक्के. संख्याशास्त्राच्या काटेकोर निकषावर हा फरक निर्णायक ठरला नाही, पण साधी तपासणी लॅक्टेटहून मागे पडत नाही एवढे तरी त्यातून दिसले. रक्ताच्या सूचकांवरच्या पुस्तकात अशा प्रकरणांना जागा दिली, याचे मला विशेष कौतुक वाटते.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत जवळचा आहे. भाकिताचा आकडा खाटेजवळ राहत नाही; तो आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या माणसांपर्यंत पोचतो. तिथे बसलेल्या मुलाने दागिने गहाण ठेवलेले असतात, शेत विकायचा विचार चाललेला असतो. “डॉक्टर, स्पष्ट सांगा, उपयोग होणार आहे का?” असे तो विचारतो. त्या क्षणी ‘पीसीटी शंभरच्या वर आहे’ हे वाक्य निकालासारखे ऐकू येते आणि कुटुंब रुग्णाला घरी न्यायचे ठरवते. रुग्ण दगावतो, आणि सूचकाचे भाकीत खरे ठरल्याची नोंद होते. आकड्याने असे स्वतःला खरे करून घेणे हा या शास्त्रातला सर्वांत गंभीर धोका आहे. खिशातून पैसे भरावे लागणाऱ्या समाजात तो आणखी मोठा. कोणताही सूचक शंभरातल्या किती जणांचे काय होते हे सांगतो. समोरचा माणूस त्या शंभरातला कितवा, हे सांगण्याची ताकद त्याच्यात नसते. म्हणून नातेवाइकांशी बोलताना एकटा आकडा कधीही देऊ नये. काल काय होते, आज काय आहे, आपण काय बदलले आणि उद्या सकाळी काय पाहून पुढचे ठरवू, हे चारही एकत्र सांगावे. पैशांचा प्रश्न असेल तर तो पैशांचा प्रश्न म्हणून मोकळेपणाने बोलावा, शासकीय योजनांची माहिती द्यावी, सरकारी रुग्णालयात हलवता येईल का ते पाहावे. रक्ताच्या अहवालाआड तो लपवू नये.

हे पुस्तक निवासी डॉक्टरांनी, परिचारिकांनी, तालुक्याच्या गावी रात्री एकट्याने निर्णय घेणाऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्यांनी वाचावे, आणि ज्यांच्या घरातले कोणी यातून गेले आहे त्यांनीही. गणिताची प्रकरणे अवघड वाटली तर आधी लॅक्टेटचे आणि अँटिबायोटिक थांबवण्याचे प्रकरण वाचा. तिथून बाकीचे आपोआप लागत जाते. वाचून झाल्यावर लगेच करण्यासारखे एक काम आहे आणि त्याला नवे मशीन लागत नाही. आपल्या रुग्णालयात सेप्सिसच्या प्रत्येक रुग्णासाठी एक पान ठेवा : आला कधी, पहिले अँटिबायोटिक किती वाजता गेले, लॅक्टेट, प्लेटलेट, बिलिरुबिन, क्रिएटिनिन पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी किती होते, आणि २८व्या दिवशी तो कसा आहे. घरी गेला असेल तर फोन करून विचारा. सिंधुदुर्गापासून गोंदियापर्यंत अशी पाने भरली गेली, तर आपल्या रुग्णांचे भाकीत दुसऱ्या देशाच्या रक्तावरून करण्याची वेळ आपल्यावर राहणार नाही.